नमुन्याशिवाय रंग

आमच्या धंद्यात काळा ही सगळ्यांत अवघड शेड. बाहेरच्या माणसाला काळा म्हणजे काळा. रंगखात्यातला माणूस आधी विचारतो, कुठला काळा? निळसर, लालसर की हिरवट? पार्टीकडून तळहाताएवढी चिंधी यायची आणि तिच्याशी अख्खा तागा जुळवायचा असायचा. जुळला तर शेड लागली, नाही तर माल पुन्हा जिगरवर, म्हणजे रंगवायच्या यंत्रावर. हे काम मी बत्तीस वर्षं केलं. आधी लालबागच्या एका गिरणीत, आणि १९८२ च्या संपानंतर भिवंडीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये. डोळे हेच माझं हत्यार होतं. मी ते जपले आणि आज एकाहत्तराव्या वर्षीही दोन लालांमधला फरक मला दिव्याशिवाय कळतो.

२०२३ च्या हिवाळ्यात मी ह्यूस्टनला मुलीकडे होतो. ती कामावर जाताना मला एका जागी सोडायची आणि दुपारी न्यायला यायची. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बाबा, इथे सगळा रंगच आहे. तुम्ही बघा आणि मला सांगा." बाहेरून पाहिलं तर बिनखिडक्यांची, विटांची, बसकी इमारत. समोर पाण्यात उभा एक मोडका लोखंडी स्तंभ, टोकावर टेकलेला. आत गेलं की आठ कोनांची खोली, मधे लाकडी बाकं, उजेड फक्त वरून, आणि भिंतींवर चौदा प्रचंड कॅनव्हास. त्यांवर काहीही काढलेलं नाही. ना माणूस, ना झाड, ना अक्षर. नुसता काळा, आणि काळ्याच्या जवळचा जांभळा.

ही रॉथको चॅपेल. मार्क रॉथको हा चित्रकार १९०३ साली आजच्या लाटव्हियातल्या एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि दहा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. जॉन आणि डॉमिनिक द मेनिल या दांपत्याने १९६४ मध्ये त्याला या प्रार्थनागृहासाठी चित्रं करायला सांगितली. मूळ बेत कॅथलिक चॅपेलचा होता, पुढे ती सर्व धर्मांना आणि धर्म न मानणाऱ्यांनाही मोकळी झाली. दाराशी निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ ठेवलेले असतात, हवा तो उचलून आत न्यावा. चित्रं १९६७ पर्यंत तयार झाली. फेब्रुवारी १९७० मध्ये रॉथकोने न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली आणि चॅपेल उघडली ती एक वर्षानंतर, फेब्रुवारी १९७१ मध्ये. आपली चित्रं त्या भिंतींवर लागलेली त्याने पाहिलीच नाहीत.

पहिल्या दिवशी मला राग आला. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अशा चित्रांपुढे पुष्कळांना पहिल्यांदा रागच येतो आणि तो ते लपवतात. मी बाकावर बसलो आणि सवयीने शेड तपासू लागलो. उत्तरेच्या तीन कॅनव्हासांत लाल किती, निळा किती? पूर्वेच्या भिंतीवरचा काळा डावीकडे आणि उजवीकडे एकच आहे का? बॉर्डरचा तांबूस जांभळा सगळीकडे सारखा उतरला आहे का? अर्ध्या तासात माझी तपासणी संपली. मग काय करायचं ते कळेना. मुलगी आली तेव्हा मी म्हणालो, काम चोख आहे, पण कशासाठी केलंय ते कळत नाही. ती हसली नाही. म्हणाली, "उद्या पुन्हा सोडते."

दुसऱ्या दिवशी आकाशात ढग होते. हे महत्त्वाचं आहे. चॅपेलला उजेड छतातून येतो आणि ढग आला की खोलीचा उजेड उतरतो. मी बघत असतानाच उत्तरेकडच्या जांभळ्यातला लाल मावळला आणि निळा मागे राहिला. पाच मिनिटांनी ऊन आलं आणि लाल परत वर आला, जणू कापडामागे कोणी दिवा नेला आणि आणला. रंगखात्यातल्या माणसाला हे माहीत असतं. मरून शेड संध्याकाळी पास करायची नाही, हा आमच्या जुन्या डाइंग मास्तरांचा नियम होता. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी काळा दिसू लागतो आणि निळा तग धरतो. पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे. गिरण्यांची छपरं करवतीच्या दातांसारखी असत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे असत, त्याचं कारणही उजेडच. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. मी सगळी नोकरी न बदलणाऱ्या उजेडासाठी धडपडत केली. त्या खोलीत प्रथमच मी बदलणाऱ्या उजेडाखाली शांत बसलो.

रॉथकोलाही या उजेडाची फार काळजी होती, हे मला नंतर कळलं. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या बग्गीखान्यात त्याने ही चित्रं केली. तिथे छताच्या काचेखाली त्याने पॅराशूटचं कापड टांगलं होतं, उजेड गाळून यावा म्हणून. चॅपेलचा पहिला वास्तुविशारद फिलिप जॉन्सन याच्याशी त्याचं याच गोष्टीवर पटलं नाही आणि जॉन्सन बाजूला झाला. पण टेक्सासचं ऊन न्यूयॉर्कच्या उन्हासारखं नसतं. चॅपेल उघडल्यावर कित्येक वर्षं वरून येणारा प्रखर उजेड आवरायला निरनिराळे अडसर लावावे लागले. २०२० मध्ये छत नव्याने केलं, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. ज्या माणसाने उजेडासाठी इतकं भांडण केलं, त्याची चित्रं 'काळे चौकोन' म्हणून सोडून देणं अन्यायाचं आहे. त्याची पद्धतही आमच्या ओळखीची. सशाच्या कातड्याचा सरस, त्यात कोरडी रंगपूड, आणि कॅनव्हास पितील इतके पातळ थर. काळ्यासाठी तेल आणि अंडं. सरसाचे थर मंद राहतात, अंड्याचे किंचित चमकतात. म्हणून तिथला काळा एका जागेवरून दार वाटतो आणि दुसऱ्या जागेवरून भिंत.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो. मी तासभर बसलो होतो. तपासायचं काही उरलं नव्हतं. माझ्या शेजारच्या बाकावर एक तरुण बाई हलकेच रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. मी समोर पाहत होतो. एका क्षणी माझ्या ध्यानात आलं की मी वाकलो आहे आणि माझा हात बुटाच्या नाडीवर आहे. बूट काढायला वाकलो होतो. तिथे बूट काढायला कोणी सांगत नाही. मूर्ती नव्हती, समई नव्हती, गंध-फुलाचा वास नव्हता. तरी माझ्या हाताला वाटलं होतं की आपण गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो.

एवढ्यावरून मी देवाचा पुरावा काढत नाही. पण हाताने जे केलं ते का केलं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. या लेखाचा प्रश्न तोच आहे: ज्यात काही दाखवलेलंच नाही, ते बघून माणसाच्या आत काय हलतं, आणि त्याला भक्तीचं नाव देता येतं का?

लोक रडतात हे खरं आहे. चॅपेलमध्ये अभिप्रायाच्या वह्या ठेवलेल्या असतात. जेम्स एल्किन्स या कला-इतिहासकाराने त्या वाचल्या आणि चित्रापुढे रडलेल्या लोकांची पत्रं मागवून २००१ साली एक पुस्तक लिहिलं. त्याला शेकडो उत्तरं आली. खुद्द रॉथकोचा दावाही मोठा होता. आपल्याला रंगांच्या आपसातल्या नात्यात रस नाही, आपल्याला माणसाचं दुःख, आनंद आणि विनाशाची जाणीव व्यक्त करायची आहे, आणि चित्रापुढे रडणारा माणूस आपल्याच धार्मिक अनुभवाचा वाटेकरी होतो, अशा अर्थाचं तो बोलत असे.

लोक का रडतात, याचं सोपं उत्तर असं देतात की रंगांना ठरलेले अर्थ असतात. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे शोक. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. लाल आमच्याकडे कुंकवाचा आहे. काळी चंद्रकळा संक्रांतीला हौसेने नेसतात. पांढरं कापड एका घरी लग्नात लागतं, दुसऱ्या घरी तिरडीवर. बत्तीस वर्षांत मी हजारो ताग्यांवर लाल चढवला आणि काळा चढवला, आणि त्या रंगांनी मला एकदाही रडवलं नाही की संतापवलं नाही. रंगात भावना भरून ठेवलेली असती, तर रंगखात्यातला कामगार दिवसाला दहा वेळा रडला असता.

दुसरं सोपं उत्तर म्हणजे चित्रकाराचं चरित्र. त्याने जीव दिला, म्हणून काळ्यात मरण दिसतं. पण त्याच हाताने पन्नाशीच्या दशकात पिवळे आणि केशरी कॅनव्हास केले, आणि तेही लोकांना रडवतात. ज्याला त्याचं नाव ठाऊक नाही, तोही गप्प होतो. मलाही पहिल्या दिवशी त्याच्या मृत्यूबद्दल काही माहीत नव्हतं.

तिसरं उत्तर जास्त कठीण आहे आणि ते मी टाळणार नाही. हा सगळा डोळ्याचा खेळ आहे, असं कोणी म्हणेल. कडा पुसट असलेल्या रंगाकडे एकटक पाहिलं की तो थोड्या वेळाने विरू लागतो, हेही विज्ञानाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. रॉथकोच्या कित्येक चित्रांत कडा पुसटच असतात, त्यामुळे रंग पुढे येतो, मागे जातो, श्वास घेतो असं वाटतं. हे सगळं खरं. पण कारण कळलं म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. पखवाजाचा ठेका कळणाऱ्या माणसाचे डोळे भजनात कोरडे राहत नाहीत. मी तर म्हणेन, ज्याला ठेका कळतो त्याचे आधी भरून येतात.

मग माझं उत्तर काय? ते मला माझ्याच धंद्यात सापडलं. रंगाकडे मी नेहमी नमुन्यासह पाहिलं. डाव्या हाताला पार्टीची चिंधी, उजव्या हाताला आपली, आणि मनात एकच प्रश्न: जुळतंय का? रंग माझ्यासमोर होता, पण मी रंग पाहत नव्हतो, दोन रंगांमधला फरक पाहत होतो. आणि हे माझ्या एकट्याचं नाही. माणसं सगळीकडे चिंधी घेऊन फिरतात. चित्रात घर दिसलं की खऱ्या घराशी जुळवतात, चेहरा दिसला की ओळखीच्या चेहऱ्याशी. जुळलं की समाधान, नाही जुळलं की नाराजी, आणि नजर पुढे जाते. त्या चौदा कॅनव्हासांपुढे जुळवायला काही मिळत नाही. नमुनाच नाही. आधी मन चिडतं, मग कंटाळतं, मग हातातली चिंधी खाली ठेवतं. त्यानंतर जे दिसू लागतं ते इतक्या वर्षांत दिसलेलं नसतं. आणि आत जे साठलेलं होतं, जे पास-नापास करण्याच्या नादात मागे ढकलत आलो, ते वर येतं. म्हणून एकच चित्र एकाला रडवतं, एकाला निववतं. भावना चित्रात भरलेली नसते आणि आपण ती चित्रावर चिकटवतही नाही. तुलना थांबली की दोघांमध्ये जागा होते आणि त्या जागेत ती उगवते.

ती नेहमी गोडच असते असं मात्र मानू नये. रॉथकोचाच समकालीन बार्नेट न्यूमन, ज्याचा तो मोडका स्तंभ चॅपेलसमोर पाण्यात उभा आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केलेला आहे, त्याचं साडेपाच मीटर रुंद लालभडक चित्र ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. १९८६ मध्ये एका माणसाने ते चाकूने फाडलं. १९९७ मध्ये तोच माणूस परत आला आणि त्याने न्यूमनचंच दुसरं चित्र फाडलं. नुसत्या रंगाने त्याच्या आत काहीतरी असह्य उघडलं होतं. नमुन्याशिवाय उभं राहणं सगळ्यांना झेपत नाही.

आपल्याकडे या उभं राहण्याला जुनं नाव आहे. निर्गुण. ज्याला उपमा देता येत नाही, ज्याच्या शेजारी ठेवायला दुसरं काही नाही. लहानपणापासून कीर्तनात हा शब्द ऐकला, आणि मला वाटे ती मोठ्या ज्ञानी माणसांची गोष्ट आहे, आम्हा साध्या वारकऱ्यांना विटेवरचा विठोबा बरा. पण ज्ञानोबांपासून आपल्या संतांनी हे दोन कधी भांडत ठेवले नाहीत. एकाच माणसाने सगुणाचंही गायलं आणि निर्गुणाचंही. पंढरीच्या वाटेवर ज्याला दर्शनबारीत उभं राहणं जमत नाही, तो कळसाला हात जोडतो, नामदेवाच्या पायरीवर डोकं ठेवतो आणि घरी येऊन सांगतो, दर्शन झालं. त्याला कोणी खोटं पाडत नाही. मूर्ती न दिसताही दर्शन होतं, हे वारकऱ्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. रॉथकोच्या ज्यू परंपरेत तर ईश्वराची प्रतिमा करायलाच मनाई. दोन वाटा पार वेगळ्या आहेत, त्या मी एक करणार नाही. पण दोन्हींवर एक ठिकाण असं येतं, जिथे दाखवण्यासारखं संपतं आणि पाहणं चालू राहतं.

आणि आपल्याच मातीत असा एक चित्रकार होऊन गेला, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. वासुदेव संतू गायतोंडे. गोव्याच्या घराण्यातले, १९२४ साली नागपूरला जन्मले, गिरगावात वाढले, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, नेमकं ज्या वर्षी रॉथकोला चॅपेलचं काम मिळालं. झेन विचारांचं वाचन त्यांनी मनापासून केलं. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे, वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना जवळचा होता. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंग चढवत आणि उतरवत. वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. २००१ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ज्या गिरगावात ते वाढले, तिथून माझी गिरणी चार-पाच किलोमीटरवर. आणि मी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते ह्यूस्टनहून परत आल्यावर. त्याची मला मनापासून खंत आहे. रंगात आयुष्य घालवलेल्या आम्हा कामगारांना कोणी कधी त्यांच्या चित्रापुढे नेलं नाही.

मी आता जातो. मुंबईत काळाघोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. त्यांचा रंग रॉथकोपेक्षा वेगळा आहे. रॉथको माणसाला आत ओढतो. गायतोंडे ओढत नाहीत, ते थांबवतात. पाण्याच्या तळाशी काहीतरी चमकून विझावं तसे आकार वर येतात आणि ओळखू येण्याआधी विरतात. चिंधी जुळवायला घ्यावी तर हातातली चिंधीच विरघळते. एकदा मी तिथे दीड तास उभा होतो. पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली आणि विचारलं, "काका, काय दिसतंय यात?" मी म्हणालो, "थांब जरा तू पण." तो पाच मिनिटं थांबला. काही बोलला नाही, पण गेला तेव्हा हळू पावलांनी गेला.

आता आईचं. १९७४ च्या आषाढीला मी तिला घेऊन पंढरपूरला गेलो होतो. मी एकवीस वर्षांचा होतो, नुकताच रंगखात्यात लागलो होतो. रात्रभर आणि सकाळभर आम्ही दर्शनबारीत होतो. गाभाऱ्यात पोचलो, आईने पायांवर डोकं टेकलं, आणि ती वर बघणार तोच मागच्या गर्दीने तिला पुढे लोटलं. बाहेर येऊन ती ओसरीवर बसली आणि रडू लागली. मी विचारलं, "दिसला का नीट?" ती म्हणाली, "नाही रे, डोळ्यांत पाणी होतं, आत अंधार, काहीच दिसलं नाही. काळं काळं नुसतं." मी तरुण होतो, जागरणाने वैतागलो होतो. म्हणालो, "मग एवढं चालून उपयोग काय झाला? दर्शन कुठे झालं?" ती गप्प राहिली. पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "चल, भूक लागली असेल तुला." त्यानंतर आमचं यावर कधी बोलणं झालं नाही. १९९६ मध्ये ती गेली.

ह्यूस्टनच्या त्या खोलीत बुटाच्या नाडीवर हात असताना मला आठवलं ते हेच. काळं काळं नुसतं, असं ती म्हणाली होती, आणि रडत होती, आणि मी चिंधी घेऊन तिच्यासमोर उभा होतो, जुळतंय का ते बघत.

मी तिला चुकीचं सांगितलं होतं. त्या दिवशी आईला दर्शन झालं होतं.